मुखत्यारपत्राची मर्यादा : जागेच्या मध्यस्थाची पात्रता कोणी ठरवावी?

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून बारामतीचा व्यापारी पुन्हा पेढीवर येऊन बसतो, तेव्हा गिऱ्हाईक ओसरलेले असते आणि निवांत बोलणी सुरू होतात. मालाचा भाव, उधारीची वसुली, मुलाचे शिक्षण, मुलीचे स्थळ या नेहमीच्या विषयांच्या जोडीला गेली काही वर्षे आणखी एक विषय हटकून निघतो. तो जागेचा. पाटसहून बारामती व इंदापूरमार्गे अकलूजकडे जाणारा पालखी मार्ग रुंद झाला, औद्योगिक वसाहतीभोवती वस्ती वाढली, इंदापूर व भिगवण ही पुणे–सोलापूर महामार्गावरची गावे पुण्याला जवळची वाटू लागली. साहजिकच दुकानाच्या गल्ल्यातून बाजूला पडलेली शिल्लक पूर्वी सोन्यात जात असे, ती आता प्लॉटमध्ये, फ्लॅटमध्ये आणि गाळ्यामध्ये जाऊ लागली आहे.

जमिनीचे मोल तिच्यावर काय उभे राहते यावर ठरते, ही गोष्ट या परिसराला नवी नाही. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि पाहता पाहता तेथे वालचंदनगर नावाची वसाहत नांदू लागली. मात्र शेठजींसारख्या उद्योजकाच्या पदरी वकील होते, अभियंते होते. बाजारपेठेतल्या सामान्य कुटुंबाच्या पदरी असतो तो फक्त एक ओळखीचा मध्यस्थ. सातबारा तोच आणून दाखवितो, मालकाची गाठ तोच घालून देतो, इसार किती द्यायचा हे तोच सुचवितो आणि खरेदीखताच्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात तोच शेजारी उभा राहतो. कुटुंबाची पंधरा-वीस वर्षांची कमाई त्याच्या शब्दावर हलते. त्या शब्दाच्या पाठीशी ज्ञान किती, हे तपासण्याची रीत मात्र आपल्याकडे कधीच नव्हती.

ती रीत घालण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. त्यातूनच एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. मध्यस्थाने अमुक शिकलेच पाहिजे, अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

आदेश आणि त्याचे पडसाद

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम संसदेने 2016 साली संमत केला. त्याची मुख्य कलमे 1 मे 2017 पासून अमलात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘महारेरा’, कामाला लागले. या कायद्याने बांधकाम व्यावसायिकाबरोबर मध्यस्थालाही प्रथमच चौकटीत आणले. कलम 9 नुसार नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंडाच्या व्यवहारात मध्यस्थी करता येत नाही. त्याला मिळालेला नोंदणी क्रमांक त्याने घडवून आणलेल्या प्रत्येक व्यवहारात नमूद व्हावा लागतो. कलम 10 नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री त्याने करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, अनुचित प्रथांपासून दूर राहावे आणि ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती नोंदणीच्या वेळीच त्याला मिळतील असे पाहावे. या दोन्ही कलमांचा भंग झाल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

कर्तव्ये अशी स्पष्ट असली, तरी नोंदणीसाठी पात्रतेची परीक्षा नव्हती. नाव, पत्ता, पॅन, छायाचित्र व शुल्क भरले की नोंदणी मिळे. जानेवारी 2023 मध्ये महारेराने आदेश काढून हे चित्र बदलले. मध्यस्थाने ठरावीक प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे. 1 मे 2023 पासून त्याशिवाय नवी नोंदणी नाही. आधीच नोंदणी झालेल्यांना मुदत दिली गेली आणि ती वाढत वाढत 2023 च्या अखेरपर्यंत गेली. प्रशिक्षण सुमारे 20 तासांचे ठरले. मे 2023 मध्ये झालेल्या पहिल्या परीक्षेला चारशेहून अधिक उमेदवार बसले आणि बहुतेक सर्व उत्तीर्ण झाले.

म्हणजे परीक्षा अवघड नव्हती. तरीही 2024 मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20,000 मध्यस्थांची नोंदणी महारेराने स्थगित केली. त्यापूर्वी नूतनीकरण न केल्यामुळे 13,000 हून अधिक नोंदण्या रद्द झाल्या होत्या. राज्यात तोवर एकूण नोंदणी झालेले मध्यस्थ सुमारे 47,000 होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे वजन कळते. पुण्यामुंबईच्या मोठ्या संस्थांना कर्मचाऱ्यांना परीक्षेस बसविणे जड गेले नाही. तालुक्याच्या गावी दुकान सांभाळून वर्षाकाठी चार व्यवहार जुळविणाऱ्या साठीच्या गृहस्थाला मात्र संगणकापुढे बसून परीक्षा देणे हे संकटच वाटले. कित्येक जैन घरांत काकांचा वा मामांचा हाच जोडधंदा असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ ग्राहकाचा नाही, तो उपजीविकेचाही आहे.

अधिकाराच्या पायऱ्या

पेढीची भाषा वापरली तर हा प्रश्न चटकन उमगतो. मालक मुनिमाला मुखत्यारपत्र देतो. त्यात वसुलीचा अधिकार लिहिलेला असेल, तर मुनीम वसुली करील, पावती देईल, प्रसंगी तगादा लावील. पण तेवढ्यावर तो दुकान विकू शकत नाही. विक्री कितीही फायद्याची असली, तरी ‘मालकाच्या हितासाठीच केले’ हे उत्तर तेथे चालत नाही. कागदावर काय लिहिले आहे, हेच पाहिले जाते. शासनाच्या सत्तेलाही हाच न्याय लागू पडतो.

या पायऱ्यांपैकी सर्वांत वरची पायरी राज्यघटनेची. अनुच्छेद 19(1)(छ) प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य देतो. त्याच अनुच्छेदाचा सहावा खंड असेही म्हणतो की, एखादा व्यवसाय करण्यासाठी आवश्यक अशी व्यावसायिक किंवा तांत्रिक अर्हता ठरविणारा कायदा राज्याला करता येईल. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांच्या पात्रता याच बळावर उभ्या आहेत. यातील कळीचा शब्द ‘कायदा’ हा आहे. पात्रता ठरविता येते, पण ती कायद्याने. खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली हेच तत्त्व सांगितले. ज्या खात्यांतर्गत नियमांना कायद्याचा आधार नाही, ते मूलभूत हक्कावर बंधन घालणारा ‘कायदा’ ठरत नाहीत.

दुसरी पायरी संसदेची. मालमत्तेचे हस्तांतरण व करार हे विषय समवर्ती सूचीत येतात आणि त्यांच्या आधारे 2016 चा अधिनियम झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी या कायद्याची वैधता मान्य केली. पश्चिम बंगालने स्वतःचा वेगळा गृहनिर्माण विनियमन कायदा केला होता. संसदेच्या कायद्याला समांतर व्यवस्था उभी करता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 4 मे 2021 रोजी तो रद्द केला. तेव्हा या क्षेत्रात संसदेचा कायदा हेच मूळ मुखत्यारपत्र आहे, यात संशय नाही.

त्याखालच्या तीन पायऱ्या त्या कायद्यानेच घातल्या आहेत. कलम 84 राज्य शासनाला नियम करण्याचा अधिकार देते आणि ते नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. कलम 85 प्राधिकरणाला विनियम करू देते. कलम 37 प्राधिकरणाला आपली कार्ये पार पाडण्यासाठी विकासक, ग्राहक व मध्यस्थ यांना बंधनकारक निदेश देण्याची मुभा देते. पात्रतेची अट या तिन्हींपैकी कोणत्या पायरीवर ठेवायची, हाच वादाचा गाभा आहे.

आक्षेप आणि समर्थन

आक्षेप घेणारा कलम 9 च्या तिसऱ्या पोटकलमाकडे बोट दाखवितो. तेथे म्हटले आहे की, ‘विहित’ करण्यात येतील अशा अटी पूर्ण झाल्याची खात्री करून प्राधिकरणाने नोंदणी द्यावी. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘विहित’ म्हणजे नियमांनी विहित, आणि नियम करतो तो राज्य शासन. 2017 च्या महाराष्ट्र नियमांत परीक्षा नव्हती. मग नोंदणीची नवी अट घालावयाची तर ती नियमांत दुरुस्ती करून, विधिमंडळापुढे ठेवून घालावयास हवी. निदेश हा चालू व्यवहार कसा करावा हे सांगण्यासाठी असतो; धंद्यात पाऊल कोणी टाकावे हे ठरविण्यासाठी नव्हे. मुनिमाने वसुलीच्या अधिकारातून भागीदार नेमावा, तसे हे झाले, असा या युक्तिवादाचा आशय.

समर्थन करणाऱ्याचे म्हणणेही हलके नाही. प्राधिकरणाच्या कार्यांची यादी कलम 34 मध्ये आहे आणि मध्यस्थावर टाकलेली कर्तव्ये पार पाडली जातात की नाही हे पाहणे, हे त्यातले एक कार्य आहे. ज्याला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांतला फरक माहीत नाही, चटई क्षेत्र कसे मोजतात हे ठाऊक नाही, तो ग्राहकाला सर्व कागदपत्रे मिळतील हे कसे पाहणार? कर्तव्य टाकले तर ते पेलण्याची क्षमता तपासणे त्यातच अंतर्भूत आहे, असे हा पक्ष मानतो. शिवाय कलम 37 मध्ये मध्यस्थाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि असे निदेश संबंधित सर्वांवर बंधनकारक राहतील असे तेथे म्हटले आहे. 20 तासांचे प्रशिक्षण म्हणजे काही धंद्याचे दार बंद करणे नव्हे.

दोन्ही बाजू तोलून पाहिल्या, तर हेतूविषयी वाद उरत नाही. वाद उरतो तो आधाराच्या मजबुतीचा. हेतू चांगला असल्याने आधाराची उणीव भरून निघत नाही, याचे ताजे उदाहरण मालमत्तेच्याच क्षेत्रातले आहे. तमिळनाडूच्या नोंदणी नियमांत 55-अ हा नियम होता. विकणाऱ्याने आपला मालकी हक्क दाखविला नाही तर दस्त नोंदविण्यास निबंधकाने नकार द्यावा, असे तो सांगत असे. फसवणूक टाळणे हाच त्याचा उद्देश. तरीही 7 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण 1908 चा नोंदणी कायदा निबंधकाला मालकी तपासण्याचा अधिकारच देत नाही. मूळ कायद्यात जे नाही, ते नियमात आणता येत नाही.

या निकालात व्यापारी कुटुंबासाठी आणखी एक धडा दडलेला आहे. खरेदीखत नोंदविले गेले म्हणजे विकणारा खरा मालक आहे असे सरकारने प्रमाणित केले, ही समजूत चुकीची आहे. निबंधक दस्त नोंदवितो, मालकीची हमी देत नाही. ती तपासणी ग्राहकाने स्वतःच करावयाची असते, आणि म्हणूनच त्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्या मध्यस्थाचे ज्ञान ही चैन नसून गरज आहे.

परदेशातील दोन वाटा

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जागेच्या मध्यस्थांसाठी परवान्याचा कायदा 1917 साली केला. न्यायालयाने तो अवैध ठरविला. तेव्हा विधिमंडळाने त्रुटी दूर करून 1919 साली नवा कायदा केला आणि तो टिकला. आज तेथे अभ्यासक्रम व परीक्षा या दोन्ही अटी कायद्यातच लिहिलेल्या आहेत.

ब्रिटनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथील 1979 च्या मालमत्ता मध्यस्थ कायद्याच्या कलम 22 ने मध्यस्थाच्या किमान सक्षमतेची मानके ठरविण्याचा अधिकार मंत्र्याला स्पष्ट शब्दांत दिला. परंतु ते कलम आजवर अमलातच आणले गेले नाही. 2019 साली लॉर्ड बेस्ट यांच्या अध्यक्षतेखालील गटाने मध्यस्थांना परवाना व पात्रता सक्तीची करावी अशी शिफारस केली, तीही तशीच राहिली. एका देशात अधिकार कागदावर ठळक, पण वापर शून्य. महाराष्ट्रात वापर ठळक, पण कागदावरील शब्द अंधुक. इष्ट स्थिती या दोहोंच्या मधली आहे. अधिकार स्पष्ट असावा आणि तो वापरलाही जावा.

त्यासाठी वेगळे काही करावे लागणार नाही. राज्य शासनाने 2017 च्या नियमांत दुरुस्ती करून प्रशिक्षण व परीक्षेची अट ‘विहित’ केली, अनुभवी व ज्येष्ठ मध्यस्थांसाठी सोयीची तरतूद केली आणि ती विधिमंडळापुढे ठेवली, की आक्षेपाची धार बोथट होते. स्थगितीच्या बाबतीतही कायदा मध्यस्थाला वाऱ्यावर सोडत नाही. कलम 9 च्या सातव्या पोटकलमानुसार नोंदणी रद्द वा स्थगित करण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ज्याची उपजीविका पणाला लागली आहे, त्याने हे दोन हक्क ओळखून ठेवावेत. पण त्यांच्या भरवशावर परीक्षा टाळू नये, कारण आदेश रद्द होत नाही तोवर तो लागू असतो.

शेतजमिनीची पोकळी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या विषयाला एक वेगळा पदर आहे. येथील बरेचसे व्यवहार शेतजमिनीचे आहेत. नीरेच्या कालव्याखालचे बागायत, उजनीच्या पाणलोटाकाठची जमीन, रस्त्याकडेचा माळ असे हे व्यवहार महारेराच्या कक्षेत येत नाहीत. समवर्ती सूचीतील मालमत्ता हस्तांतरणाच्या नोंदीतूनच शेतजमीन वगळलेली आहे. ती राज्य सूचीचा विषय आहे. त्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्याला परीक्षा आहे, पण लाखो रुपयांच्या शेतजमिनीचा सौदा जुळविणाऱ्याला नाही. लहान प्रकल्पांचेही असेच. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील वा 8 पर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून मोकळे आहेत.

आणि चूक महाग पडते ती याच मोकळ्या क्षेत्रात. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांच्या नावे सातबारा नसतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्यागुंठ्याने घेतलेल्या जमिनीची नोंद अडून बसते. त्यातील तरतुदी अलीकडे बदलत असल्या, तरी त्या कोणत्या क्षेत्राला लागू आहेत हे तपासल्याखेरीज इसार देणे धोक्याचे. बिनशेती परवानगी नसताना आखलेले ‘प्लॉट’ कागदावर शेतच राहतात. अशा ठिकाणी अर्धवट माहितीचा मध्यस्थ लबाड नसला, तरी नुकसान तेवढेच करतो. राज्य सूचीतील हा विषय असल्याने शेतजमिनीच्या मध्यस्थासाठी पात्रता ठरविण्याचा मार्ग राज्य विधिमंडळाला मोकळा आहे. बाजार समितीच्या आवारात शेतमालाची अडत करणाऱ्यास परवाना लागतो. मग त्याच शेताच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्यास तो का नको, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कुटुंबाने काय पाहावे

कायद्याचा वाद सुटेपर्यंत घरातील व्यवहार थांबत नाहीत. तेव्हा सौद्याला बसण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. मध्यस्थाचा महारेरा क्रमांक मागावा. तो ‘ए’ या रोमन अक्षराने सुरू होतो, तर प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावेत आणि नोंदणी चालू आहे की स्थगित, हे पाहावे. दलाली किती व कोणाकडून, हे लेखी ठरवावे. शेतजमीन असेल तर सातबारा, फेरफार, मोजणी व खरेदीची पात्रता यांविषयी स्वतंत्र वकिलाचे मत घ्यावे. ओळख कितीही जुनी असली तरी.

मध्यस्थी करणाऱ्यांनाही एक सांगणे उचित ठरेल. श्रावकाच्या सत्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटा दस्त करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे हे दोन्ही आहेत. व्यापारी समाजाने ही परीक्षा स्वतःवर शतकानुशतके घेतली. राज्याची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. घरातील ज्येष्ठाला संगणकाची धास्ती वाटत असेल, तर नातवाने दोन संध्याकाळी शेजारी बसून अभ्यास करून घ्यावा. काकांनी चाळीस वर्षांत कमावलेली पारख आणि 20 तासांच्या वर्गातील नवे नियम एकत्र आले, तर त्या पेढीवर येणारे गिऱ्हाईक अधिक निर्धास्त होईल.

मुखत्यारपत्र स्पष्ट असावे आणि मुनीम जाणता असावा, एवढीच मालकाची अपेक्षा असते. पहिली गोष्ट शासनाने करावयाची आहे, दुसरी मध्यस्थाने. एकीसाठी दुसरी अडून राहण्याचे कारण नाही.